प्राथमिक शाळेची जुनी इमारत दुरुस्त करावी की पाडून नवी बांधावी?

सांगाडा धड असेल तर दुरुस्ती. गंज बहुतेक खांब-तुळयांत पसरला असेल तर नवी इमारत. त्यामुळे आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तज्ज्ञ अभियंत्याकडून तपासणी. गळकं छत, फुटक्या फरशा, जुनं वायरिंग बघून पाडायचं ठरवू नका, ते सगळं बदलता येतं. खरा प्रश्न काँक्रीटच्या आतल्या सळ्यांचा. काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन फवारतात: गडद गुलाबी झालं तर उत्तम, रंग चढला नाही तर कार्बोनेशन झालंय, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे सळीला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कलीपणा गेलाय. हा बिनरंगी थर सळीपर्यंत पोचला की ओल मिळताच सळी गंजते, गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट फोडतो. त्यावर नुसतं प्लास्टर मारणं धोक्याचं. ते पुन्हा निखळतं, तेही मुलांच्या डोक्यावर. जोडीला कोअर चाचणी (काँक्रीटचा नळकांडीसारखा तुकडा काढून ताकद तपासणं) आणि हाफ-सेल चाचणी (सळी गंजत असण्याची शक्यता विद्युत दाबावरून मोजणं) करून घ्याच.

खर्च मांडताना दुरुस्तीत भूकंपरोधक बळकटीकरण, रॅम्प आणि स्वच्छतागृहं धरा. नव्या इमारतीत पाडकाम, राडारोडा हलवणं आणि बांधकाम होईपर्यंतचे तात्पुरते वर्ग. दुरुस्ती नव्या बांधकामाच्या साधारण दोन-तृतीयांशांवर गेली की नवी इमारत परवडते, असा ढोबळ ठोकताळा आहे.

मात्र हे आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्यासाठी. भारवाही दगडी किंवा विटांच्या भिंतींत पाया खचणं, भेगा आणि छताचा आधार आधी तपासावा लागतो.