वाचकांचे प्रश्न: खोके उचलणारी कंबर कोणत्या शास्त्राची?

प्रश्न : आमच्या कारखान्यात पॅकिंगच्या बायका 18 किलोचे खोके जमिनीवरून उचलून 90 सेंमी उंच कन्व्हेयरवर ठेवतात. मिनिटाला एक, पूर्ण पाळी. कंबरदुखी वाढली म्हणून सगळ्यांना कमरेचे पट्टे दिले, काही फरक नाही. डॉक्टर व्यायाम सांगतात, इंजिनिअर टेबल बदला म्हणतात. अर्गोनॉमिक्स, म्हणजे काम माणसाच्या शरीराला जुळवून घेण्याचे शास्त्र, नेमके कोणाचे? बोलवायचे कोणाला?

आधी ते पट्टे बंद करा. दुखापत नसलेल्या कामगारांना बचावासाठी पट्टे देऊ नयेत, असे अमेरिकेतील नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने 1994 मध्येच सांगितले आहे. पट्ट्याने वजनही घटत नाही आणि वाकणेही टळत नाही. उलट आपण सुरक्षित आहोत असे वाटून माणूस जास्त उचलतो, ही भीती असते.

आता कोणाचे शास्त्र, ते पाहू. वजन उचलण्यासाठी नायॉशचे 1991 चे सूत्र जगभर वापरतात. त्याची सुरुवात 23 किलोपासून होते, आणि परिस्थिती जितकी वाईट तितकी ही मर्यादा खाली येते. सूत्र बसवताना तीन शास्त्रांना एका टेबलावर बसावे लागले. जैवयांत्रिकीने सांगितले की कमरेच्या मणक्यांमधल्या सर्वांत खालच्या चकतीवर 3400 न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे 350 किलोच्या भारापेक्षा, जास्त दाब नको. शरीरक्रियाशास्त्राने मिनिटाला किती ऊर्जा खर्च होऊ द्यायची ते ठरवले. मानसशास्त्राच्या पद्धतीने माणसांनाच विचारून, किती वजन दिवसभर उचलणे सोसेल ते काढले. तिन्ही आकडे नेहमी जुळत नाहीत. क्वचित पण वाकून उचलताना चकती आधी हरते, वारंवार उचलताना दम आधी हरतो. म्हणून जी मर्यादा सर्वांत कडक, ती धरली गेली.

तुमचा खोका यात घालून पाहू. माणूस उचलायला वाकला की टेप घेऊन घोट्यांच्या मधोमधपासून तळहातांपर्यंतचे आडवे अंतर मोजा. बहुतेक जण फक्त वजनकाटा आणतात, हे अंतर मोजतच नाहीत, आणि तिथेच चुकतात. समजा ते 40 सेंमी आहे, हात जमिनीपासून 15 सेंमीवर आहेत, खोक्याला हँडल नाही आणि ठेवताना कंबर 45 अंश वळते.

23 किलोला गुणक लागतात : आडव्या अंतरामुळे 0.625, खाली वाकण्यामुळे 0.82, 75 सेंमी वर नेण्यामुळे 0.88, वळण्यामुळे 0.856, मिनिटाला एक या वेगाने पूर्ण पाळी असल्याने 0.75, पकडीमुळे 0.95. उत्तर येते 6.3 किलो. तुमच्या बायका त्याच्या जवळजवळ तिप्पट उचलत आहेत. दोष त्यांच्या कमरेचा नाही.

आता खोके 75 सेंमी उंच बाकावर ठेवा, बाक कन्व्हेयरच्या समोरच येऊ द्या म्हणजे वळावे लागणार नाही. बाकाखाली पाय शिरायला जागा सोडा, म्हणजे आडवे अंतर 30 सेंमीवर येईल. खोक्याला हाताची खाच पाडून घ्या. मर्यादा 14.4 किलोपर्यंत जाते, पण 18 किलो अजून जास्तच. इथे इंजिनिअरचे काम संपून कामाच्या नियोजनाचे सुरू होते : एक बाई सलग एक तासच उचलेल, मग किमान सव्वा तास लेबल लावण्यासारखे हलके काम करेल. मग वेगाचा गुणक 0.75 चा 0.94 होतो आणि मर्यादा 18 किलोवर येते. माणसे कमी असतील तर खोका 14 किलोचा करा; आमच्या मते तोच जास्त पक्का उपाय.

कारण या सूत्राची एक उणीव लक्षात ठेवा. हे सूत्र चारपैकी सुमारे तीन स्त्रियांना झेपेल असे धरून बेतले आहे, आणि आधार पाश्चात्त्य माहितीचा आहे. बाकाची उंची पुस्तकातून न घेता तुमच्या कामगारांच्या कोपरांवरून ठरवा. भारतीय शरीरमापांसाठी देबकुमार चक्रबर्ती यांचे, अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997 मध्ये काढलेले पुस्तक उपयोगी आहे.

बोलवायचे म्हणाल, तर अर्गोनॉमिक्सचे प्रशिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट किंवा औद्योगिक अभियंता बोलवा. पण तो जागेवर येऊन टेप लावणारा असावा. नुसत्या फोटोवरून मत देणारा नको.

प्रश्न : घरचा ओटा 36 इंची आहे. पत्नीची उंची 5 फूट. पोळ्या लाटताना तिचे खांदे दुखतात.

खांदे सैल सोडून, कोपर काटकोनात वाकवून, जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजा. हलक्या कामाला ओटा त्यापेक्षा 10 ते 15 सेंमी खाली हवा. लाटणे म्हणजे वरून दाबणे, म्हणून त्याला आणखी खाली. त्यांचा कोपर सुमारे 95 सेंमीवर असेल, तर 91 सेंमीचा ओटा आणि त्यावर पोळपाट म्हणजे खांदा उचलल्याशिवाय जोरच लागत नाही. ओटा फोडू नका. लाटण्यासाठी 75 सेंमीच्या आसपासचे वेगळे भक्कम टेबल लावा. उभे राहायला पाट ठेवू नका, पाय चुकून घसरतो.

प्रश्न : मुलगी मानसशास्त्रात बीए करते. अर्गोनॉमिक्समध्ये तिला जागा आहे का?

नक्की आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 विमाने उतरल्यावर वैमानिक फ्लॅप्सऐवजी (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांऐवजी) चाके वर घेत. दोन्ही खटके शेजारी आणि दिसायला सारखे होते. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चापानिस यांनी चाकांच्या खटक्याला चाकासारखी आणि फ्लॅप्सच्या खटक्याला पाचरीसारखी मूठ सुचवली, म्हणजे न पाहता हाताला फरक कळावा. दोष वैमानिकात नसून खटक्यात होता, हे आधी एका मानसशास्त्रज्ञाला दिसले.

मुंबईत आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात एम.डेस. ही डिझाइनची पदव्युत्तर पदवी आहे, त्यासाठी सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पात्रतेच्या अटी दरवर्षीच्या माहितीपत्रकात तपासा. गृहविज्ञान, शरीरक्रियाशास्त्र, फिजिओथेरपी, औद्योगिक अभियांत्रिकी यांतूनही लोक येतात. तिने आत्तापासून सांख्यिकी पक्की करावी आणि शरीररचनेचा एखादा लहान अभ्यासक्रम करावा. मानसशास्त्राच्या मुलांना पुढे नेमके तिथे अडते.