आधी वही, मग मशीन

या महिन्याच्या पत्रांत संगणकाच्या बैठकींबद्दलची चार निघाली, म्हणून एकत्रच घेते. नावं कुणाचीच छापत नाही, तालुका तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. चार वर्षं पुण्यात नोकरी केली, आता गावातूनच कंपनीचं काम करतो. पुण्याला असताना लिनक्सवाल्यांच्या (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) बैठकींना जायचो. कुणीतरी काही करून दाखवायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, मजा यायची. तसं आपल्याही गावात असावं म्हणून वाचनालयाच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहाला बैठक सुरू केली. पहिल्या रविवारी ४० माणसं, दुसऱ्याला १७, चौथ्याला सहा. विषय नीट विचार करून ठरवले होते : फोटो सुधारायचं जिम्प, क्लाउड म्हणजे काय, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची ओळख आणि एआय. कुठं चुकलं? – ता. देवळी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, सहा जण आले हे वाईट नाही. त्यात चहासाठी आलेले किती, ते मात्र तुम्ही लिहिलं नाही.

आधी वेळेचं बोलू. तुमच्या पत्रावर नोव्हेंबरची तारीख आहे. सीतादही, म्हणजे कापसाच्या वेचणीची पूजा, होऊन गेलं, बोंडं फुटली, वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणून अख्खं घर वावरात, आणि रविवारी तर शाळेला सुट्टी असलेली पोरंही. सकाळी दहाला खोलीत येणार कोण? पुण्याचा रविवार वेगळा असतो. गावात संध्याकाळी साडेसातनंतर बसा, जेवणं आटोपलेली असतात. आमचं गाव तालुक्याचं, म्हणून आम्ही उलट बाजाराच्याच दिवशी दुपारी तीनला बसतो. खेड्यावरची माणसं तशीही आलेली असतात आणि परतीची गाडी पाचला. पोळा, तान्हा पोळा सरला की सुरू करायचं आणि वेचणी जोरात आली की सरळ बंद ठेवायचं. बंद ठेवल्यानं बैठक मरत नाही, रिकाम्या खुर्च्यांनी मरते.

पण खरी अडचण वेळेची नाही, विषयांची आहे. तुमचे चारही विषय तुमचे आहेत.

मी टायपिंगवाल्याची मुलगी. वडिलांच्या इन्स्टिट्यूटमधल्या आठ मशीनच्या खडखडाटात वाढले. आज त्याच खोलीत झेरॉक्स, दाखल्यांचे फॉर्म आणि संगणकाचा क्लास आहे. पहिली बैठक घेतली तेव्हा मी तुमच्याहून शहाणी नव्हते. बचत गटाच्या बायांना लिबरऑफिसमधलं कॅल्क, म्हणजे एक्सेलसारखं रकान्यांत हिशेब करायचं मोफत साधन, दाखवायचं ठरवलं. प्रोजेक्टर भाड्यानं आणला. नमुन्याचा हिशेब घरूनच भरून नेला : सदस्य क्रमांक एक, सदस्य क्रमांक दोन, सगळे आकडे गोल. बाया अर्धा तास माना डोलवत बसल्या. माना डोलवणं म्हणजे समजणं नव्हे, हे वीस वर्षं क्लास घेऊनही मला त्या दिवशी कळायचं होतं.

मग गटाची वही सांभाळणाऱ्या आजींनी पिशवीतून वही काढली. लाल कापडाची बांधणी, कोपरे हळदीनं पिवळे. म्हणाल्या, “हे टाक नं वो यात.” त्या वाचत गेल्या, मी टाकत गेले. अकरा बायांची बचत आणि कर्जाची परतफेड. शेवटी बेरजेचं सूत्र दिलं आणि मोठ्या ऐटीत एंटर दाबलं. पडद्यावर आलं ५,६५०. वहीत होते ६,१५०. आजींनी चष्मा पुसला, पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. “तुह्या मशिनीनं पाचशे खाल्ले नं वो!” खोली हसून लोटपोट.

मी घामाघूम. सूत्र तपासलं, बरोबर होतं. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक तरुण सून म्हणाली, “ताई, तो एक पाचशे डावीकडं काऊन गेला?” तीच गोम होती. बाकी ठिकाणी मी नुसते आकडे टाकले होते, तिथं मात्र सवयीनं आकड्यापुढं ‘रु.’ लिहिलं. ‘रु.’ लागला की मशीनच्या लेखी तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. बेरीज त्याला वगळून पुढं जाते, आणि वगळल्याचं सांगतही नाही. खूण एकच : तुम्ही काही बदललेलं नसेल तर आकडा रकान्याच्या उजव्या कडेला चिकटतो, मजकूर डाव्या. ‘रु.’ खोडला आणि वहीशी बेरीज जुळली. त्यानंतर सहा वाजेपर्यंत कुणी उठलं नाही, परतीची गाडी चुकली तरी. मी घरून आणलेला सदस्य क्रमांक एक तसाच पडून राहिला.

तेव्हापासून आमच्याकडं ठरलंय. ज्याचं काम अडलंय त्याचाच कागद टेबलावर, माउस त्याच्याच हातात, आणि दाखवणाऱ्याचे हात पाठीमागं. हे शेवटचं सगळ्यात कठीण. समोरचा चुकीच्या ठिकाणी टिचकी मारायला लागला की आपला हात आपोआप पुढं जातो. खिशात घालून बसा.

हे मी शोधून काढलं असं नाही. अमेरिकेत ५ मार्च १९७५ ला मेन्लो पार्क गावी गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजात होमब्रू कॉम्प्युटर क्लब या संगणकाच्या हौशी मंडळींच्या गटाची पहिली बैठक झाली. अॅपल कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्निअॅक तिथं जायचे आणि अॅपलचा पहिला संगणक त्यांनी आधी त्याच मंडळींना दाखवला. त्या क्लबाची एक रीत मला फार आवडते. आधी एकेकानं उभं राहून सांगायचं, माझ्याकडं हे आहे, मला ते हवंय, माझं अमुक अडलंय. सगळ्यांचं ऐकून झालं की ज्याचं ज्याच्याशी जुळतं ते कोपरे धरून बसायचे. दाखवणं हे त्या अडलेल्यातून निघायचं.

तर विषय जाहीर करणं थांबवा. वाचनालयात पेपर ठेवतात त्या टेबलावर एक वही ठेवा, वर लिहा ‘कोणाचं काय अडलं?’ आणि आठ दिवस वाट पाहा. कुणाच्या पोराच्या फॉर्मला फोटो ५० केबीच्या आत हवा असेल. मग उघडा तुमचं जिम्प, फोटो लहान करा, जेपीजीचा दर्जा थोडा उतरवून साठवायला लावा. तेच जिम्प, पण आता त्याला गिऱ्हाईक आहे. कुणाची जुन्या फॉन्टातली मराठी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती गिचमीड दिसत असेल. तिथं युनिकोड म्हणजे काय (प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक) ते दोन मिनिटांत समजतं, एरवी तासभर सांगून नाही.

टायपिंगचं एक माझ्याकडून घ्या, वऱ्हाडात हमखास चालतं. लोकांना ‘वऱ्हाड’ लिहायला सांगा. दहातले आठ ‘वर्हाड’ करतात, रफार ‘ह’च्या डोक्यावर जाऊन बसतो. इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकात त्यासाठी वेगळा ‘ऱ’ आहे : शिफ्ट धरून जे. क्रम असा : बी, मग शिफ्ट-जे, डी, यू, ई, आणि शेवटी चौकोनी कंस उघडायची कळ. डीनं ‘ऱ’चा पाय मोडतो. आपल्याच मुलखाचं नाव पहिल्यांदा नीट उमटलं की माणूस ते तीनतीनदा लिहितो, मी पाहिलंय.

आणि ई-पीक पाहणीचा, म्हणजे शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करायचा, प्रश्न त्या वहीत येणारच. ती १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू आहे, तरी दर हंगामात पहिल्यासारखा गोंधळ असतो. ते खोलीत दाखवू नका. पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच घ्यावा लागतो, त्यात ठिकाणाची नोंद जाते. फोनचं लोकेशन बंद असलं की गाडी तिथंच अडते. ती बैठक कुणाच्या तरी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, घ्या. आम्ही एकदा घेतली, प्रोजेक्टर नाही, खुर्च्या नाहीत, तुरीच्या सावलीला बसून पंधरा जणांचं काम झालं.

पायथन राहू द्या. त्या सहांत एखादं पोट्टं असेल ज्याला खरंच शिकायचंय, त्याला घरी बोलवा.

प्रश्न : आमच्या शाळेत सहा संगणक आहेत, सगळेच जुने, रॅम ४ जीबी. विंडोज १० ची सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि ११ या मशीनवर चढत नाही. पालकसभेत लिनक्स करून दाखवावं असं मुख्याध्यापक म्हणतात. कसं दाखवू? – ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : सर, दाखवा, पण त्या दिवशी इन्स्टॉल करू नका. हे मी भाजून घेऊन सांगते. एका शाळेत चारचौघांसमोर जोशात इन्स्टॉल करताना ‘डिस्क पूर्ण पुसा’वर मीच टिचकी मारली. त्यात नववीचे गुण होते. कागदावरही होते म्हणून माझी अब्रू वाचली.

आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती तयार करा आणि संगणक थेट पेनड्राइव्हवरूनच चालू करा. मिंटला २ जीबी रॅम किमान लागते, ४ असली की बरं चालतं, म्हणजे तुमच्यात बसतं. इन्स्टॉलचं बटण दाबलं नाही तर आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. पेनड्राइव्ह काढला, पुन्हा सुरू केला की जुनं विंडोज जागच्या जागी. पालकांच्या मनातली भीती याच एका गोष्टीनं जाते, म्हणून ती त्यांच्यासमोर करून दाखवाच.

चालू होताना कोणती कळ दाबायची ते मशीनच्या बनावटीवर असतं, एफ १२, एफ ९ किंवा एस्केप. ती आदल्या दिवशी शोधून प्रत्येक मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवा. सभेत सगळ्या कळा बडवत बसलेला मास्तर पाहून लोक मोबाइल काढतात. सहांपैकी एखादा ३२ बिटचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरचा, निघाला तर तो बाजूला ठेवा, मिंटच्या आजच्या आवृत्त्या फक्त ६४ बिटवर चालतात. पेनड्राइव्हवर चालवताना केलेली फाइल संगणक बंद केल्यावर राहत नाही, ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर साठवायची. आणि शाळेचा प्रिंटर आधी लावून पाहा. पालक लिनक्सबद्दल काही विचारणार नाहीत, “बोनाफाइड निघते का?” एवढंच विचारतील. ते त्यांच्यासमोर निघालं की सभा जिंकली.

प्रश्न : आमचा गट पापड, कुरडया, मसाला करतो. बिलाच्या सॉफ्टवेअरचा एक मुलगा येऊन डेमो देऊन गेला. फारच सुंदर दिसत होतं. पहिलं वर्ष फुकट, पुढं वर्षाला पैसे. घ्यावं का? – ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : ताई, सुंदर दिसणारच. त्यानं त्याचं दुकान दाखवलं, त्याचं गिऱ्हाईक, त्याचा माल. त्याच्या दुकानात उधारी नसते, पापड मोडून परत येत नाहीत आणि कुणी “अर्धा किलो इकडचा, अर्धा तिकडचा” म्हणत नाही.

त्याला पुन्हा बोलवा आणि तुमच्या गेल्या आठवड्याच्या पावत्या पुढं ठेवा. तुमच्यातली एक बाई बसेल, तो फक्त सांगेल. एक बिल मुद्दाम चुकवा आणि रद्द करायला लावा. परत आलेल्या मालाची नोंद करायला सांगा. मग अर्धं बिल झालेलं असताना मेन स्विच पाडा. हो, खरंच पाडा. वरुडात लाइन जाते की नाही ते मला सांगू नका. लाइट आल्यावर ते अर्धं बिल कुठं आहे ते पाहा.

त्यानंतरचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा : पुढच्या वर्षी पैसे भरले नाहीत तर आमची जुनी बिलं आम्हाला दिसतील का? सगळी यादी एक्सेल किंवा कॅल्कमध्ये उघडेल अशी काढून द्यायला सांगा, आत्ता, समोर. “ते ऑफिसातून करून देतात” असं उत्तर आलं तर चहा पाजा आणि रामराम करा. जीएसटीची भीती घातली असेल तर लक्षात ठेवा, राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या पुढं जाईपर्यंत साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. तुमच्या कर सल्लागाराला एकदा विचारून घ्या, डेमोवाल्याला नको.

प्रश्न : बैठक चांगली चालते, पण चहा-आलूबोंड्याचा खर्च दर वेळी मलाच पडतो. तो कुणी करावा? – ता. मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : ज्याचा प्रश्न सुटला त्यानं. आमच्याकडं हाच रिवाज आहे. मागच्या बैठकीत कुणाचाच सुटला नाही, आलूबोंडे माझ्याकडून गेले.