पडवीत पडून असलेली जुनी पेट्रोल जीप पुन्हा रस्त्यावर आणायची तर डिझेल इंजिन बसवावं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची १९७२ची महिंद्रा सीजे-३बी शेतघराच्या पडवीत कितीतरी वर्षं उभी आहे, इंजिन जाम आहे, आणि गावातले मिस्त्री म्हणतात, "पेट्रोल इंजिन काढा, डिझेल बसवा, नाहीतर भंगारात द्या." काय करावं आणि खर्च किती येईल, असा तुमचा प्रश्न.

डिझेल बसवू नका. खर्चाचं शेवटी बोलू.

मिस्त्रींचं हे वाक्य मी आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकलंय. आमचीही सीजे-३बीच, १९७४ची. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यात चालवली. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाडीचा रस्ता म्हणजे नुसता तांबडा चिखल. घनसाळ भाताची पोती, दुधाचे कॅन, काजूच्या बिया आणि अडलेल्या बायकांना गडहिंग्लजच्या दवाखान्यात पोचवणं, सगळं त्या जीपवर. आबा मागचे पाटे आणि समोरचा धुरा स्वतः तपासायचे. दर पावसाळ्याआधी दोन्ही डिफरन्शियलचं (धुऱ्याच्या मधल्या दातेरी चाकांच्या पेटीचं) ऑइल उघडून बघायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून पुढचं बोलायचा मला अधिकार आहे असं मी मानतो.

आबा आजारी पडल्यावर जीप तात्यांच्या, माझ्या धाकट्या चुलत्यांच्या, हातात गेली. कुठल्याशा गॅरेजवाल्याने त्यांना सांगितलं की समोरचा प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद समोरच्या धुऱ्याकडे नेणारा दांडा) काढून टाका, अ‍ॅव्हरेज वाढेल. तात्यांनी काढला. तेव्हापासून आमच्या घरात जो वाद सुरू झाला तो अजून चालू आहे, आणि तो मला इथे एकदा नीट मांडायचाय, कारण तुमच्याही गाडीखाली तो शाफ्ट असेलच याची मला खात्री वाटत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या जीपांचा तो कधीच काढून टाकलेला दिसतो.

समोरच्या चाकांना लॉकिंग हब (चाक धुऱ्यापासून मोकळं करता येणारी कळ) नसतील तर शाफ्ट काढूनही चाकांबरोबर आतले अ‍ॅक्सल शाफ्ट फिरतातच, डिफरन्शियलमधली क्राउन आणि पिनियन ही दातेरी चाकंही फिरतात. थांबतो तो फक्त मधला दांडा. त्याने वाचणारं पेट्रोल हिशोबात धरण्याइतकंही नसतं. पेट्रोल खरंच वाचवायचं असेल तर इग्निशनचे पॉइंट घासून गॅप नीट करा, कार्बोरेटर साफ करा, टायरमध्ये हवा ठेवा, ब्रेक घासत असतील तर सोडवा. आणि समोरचा धुरा मोकळा फिरावा असं वाटतच असेल तर लॉकिंग हब लावा. गरज पडली की हाताने फिरवून लॉक, एरवी मोकळे.

नुकसान मात्र मोठं होतं. या जीपच्या ट्रान्सफर केसची (ताकद पुढच्या-मागच्या धुऱ्यांत वाटणाऱ्या पेटीची) रचना अशी आहे की समोरचा धुरा जोडल्याशिवाय लो, म्हणजे हळू पण जोराचा गिअर, पडत नाही. लोमध्ये इंजिनाची ओढण्याची ताकद जवळजवळ अडीचपट होऊन चाकांकडे जाते, आणि ती चारही चाकांत वाटली जावी हा त्यामागचा विचार. शाफ्ट काढलेला असताना लिव्हर टाकून लो लावलंत तर ती सगळी ताकद मागच्या दोनच चाकांवर येते. चाकं जागच्या जागी खड्डा खोदतात, नाहीतर मागचा अ‍ॅक्सल शाफ्ट तुटतो. आमची जीप अशीच एका पावसाळ्यात भाताच्या बांधाखाली रुतली. ट्रॅक्टरने ओढून काढली आणि तात्यांनी सगळ्या भावकीसमोर जाहीर केलं की फोर व्हील ड्राइव्ह हे सगळं थोतांड आहे. फोर व्हील त्या दिवशी गाडीत होतंच कुठे?

त्यानंतर जीप गोठ्याच्या बाजूला लागली ती लागलीच. आबा गेल्यावर तात्यांनी भंगारवाल्याशी बोलणं केलं. मी अडवलं. मग चुलतभावाने दुसरं काढलं, जुनं डिझेल इंजिन बसवू, स्वस्तात होईल. त्यावरून दिवाळीत ऐन फराळाच्या वेळी आमची भांडणं झाली.

आता डिझेल का नको ते सांगतो. या जीपचं हरिकेन इंजिन २१९९ सीसीचं, चार सिलिंडरचं. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे ते उंच झालं आणि त्याच्यासाठीच सीजे-३बीचं बॉनेट एवढं उंच ठेवलं गेलं. म्हणजे ज्या तोंडवळ्यामुळे तुम्ही ही गाडी लांबून ओळखता, तो त्या इंजिनामुळेच आलाय. तीन गिअरचा गिअरबॉक्स आणि ५.३८ गुणोत्तराचा धुरा त्याच इंजिनाच्या हिशोबाने बसवलेत. तिथे कमी आरपीएमचं जड डिझेल बसवलंत की गाडी लवकर बोंबलायला लागते, समोरचे पाटे बसतात, आणि वेल्डिंग करून लावलेल्या माउंटिंगपाशी चासीला तडे जातात. अशा तडे गेलेल्या जीपा मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, गॅरेजांच्या वस्तीत, उघडलेल्या पाहिल्यात. कंपनीने स्वतः डिझेल बसवून विकलेल्या जीपा वेगळ्या, त्यांचं सगळं गणित त्या इंजिनावर बेतलेलं असतं. त्यांच्याबद्दल मी बोलत नाही.

शिवाय कायद्याचं आहे. इंजिन बदललं की आरटीओची मंजुरी घेऊन ते आरसीवर चढवावं लागतं. ते न करता गाडी फिरवलीत आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. २०२१ साली केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरच्या खासगी गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, त्यासाठी फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले नकोत. तुमची १९७२ची गाडी त्यात बसते. डिझेल बसवलंत की तो दरवाजा तुम्हीच बंद केलात. (या नंबरवर रोजचा वापर चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. शेतावर रोज न्यायची असेल तर साधी नोंदणीच पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्या. मुदत संपून गेली असेल तर उशिराचा दंड आणि पर्यावरण कर धरून चाला.)

इंजिन जाम आहे म्हणजे मेलं असं नाही. आमचंही जाम होतं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एक वयस्कर मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात, त्यांनी स्वतः येऊन गोठ्यात काम सुरू केलं. पहिल्यांदा सगळ्यांना दम दिला की स्टार्टरला कोणी हात लावायचा नाही. चारही प्लग काढले, सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोडलं आणि तसंच मुरू दिलं. अधूनमधून येऊन थोडं थोडं घालायचे. मग हँडल लावून पुढे-मागे हलकं हलवायचं, जोर करायचा नाही. एके दिवशी ते सुटलं. आई अंगणात उभी होती, तिने देवाला साखर ठेवली.

सुटल्यावरही चाचांनी पेट्रोल घातलं नाही. बाजूचं झाकण उघडून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पाहिले, त्यातला एक वर अडकून बसला होता. या इंजिनात पडून राहिलं की हे हमखास होतं, आणि न बघता स्टार्ट केलं तर कॉम्प्रेशन मिळत नाही आणि लोक म्हणतात, बघा, इंजिन गेलंय, डिझेल टाका. तो व्हॉल्व्ह ऑइल सोडून हलक्या हाताने ठोकत मोकळा केला. ऑइल बदललं, टाकी खाली उतरवून आतला गंज काढला, पेट्रोलची नळी फुंकून काढली, पंपाचा डायफ्रॅम नवा, पॉइंट आणि कंडेन्सर नवे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, वायरी तशा लावल्या. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीसारखा आवळू नका, आणि हँडल खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. उलटा झटका बसला तर मनगट मोडतं. चाचांनी हे आमच्या घरातल्या प्रत्येक पोराकडून म्हणवून घेतलं.

इंजिन लागल्यावर भाऊबंद लगेच म्हणाले, चला, एक फेरी मारू. चाचांनी किल्ली खिशात घातली. ब्रेक झाल्याशिवाय गाडी गोठ्याबाहेर निघाली नाही. चारही ड्रम उघडले तर व्हील सिलिंडर गंजून घट्ट, शू ड्रमला चिकटलेले. या जीपला एकच ब्रेक सर्किट असतं, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. त्यामुळे पाइप जुने ठेवायचेच नाहीत, होज जुने ठेवायचे नाहीत, मास्टर सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर नुसती रबरं बदलून भागत नाही, बोअरला स्लीव्ह बसवायची. उद्यमनगरात लेथवर हे सगळं होतं, ड्रमही चढवून मिळतात. पहिले पैसे इथे घाला.

मग समोरचा धुरा उघडला. डिफरन्शियलमधून ऑइल बाहेर आलं ते ताकासारखं पांढरं. आबा गेल्यापासून कुणी ते झाकण उघडलंच नव्हतं. शाफ्टच नाही तर धुरा कशाला बघायचा, असं झालं असणार. सील गेलेले, पाणी आत, किंगपिनच्या (ज्यावर समोरचं चाक वळतं त्या खिळीच्या) बेअरिंगना गंज. स्टिअरिंग जड लागतं, गाडी रस्त्यावर भरकटते, अशी तक्रार तात्या करायचे, त्याचं कारण हे होतं. बेअरिंग बदलली, शिम (पातळ चकत्या) लावून बरोबर बसवली, स्टिअरिंगच्या सांध्यातला खेळ काढला. समोरचा शाफ्ट भंगारात गेला होता. दुसऱ्या जीपचा मिळवला, त्याच्या सांध्यांचे क्रॉस नवे टाकले, बॅलन्स करून लावला.

पुढच्या पावसात मी जीप घेऊन वरच्या शेताकडे निघालो. तात्या शेजारी बसले होते, मीच बसा म्हटलं. चिखल सुरू झाल्यावर थांबून समोरचा धुरा जोडला, लो लावलं, दुसऱ्या गिअरमध्ये आबांसारखं रेस न वाढवता सोडलं. ज्या बांधाखाली ट्रॅक्टर लावावा लागला होता, तिथून ती वर गेली. चाक फिरलंसुद्धा नाही जागच्या जागी. वर पोचल्यावर तात्या म्हणाले, "डिझेल असतं तर पेट्रोलचे पैसे वाचले असते." मी त्यांना तिथेच सांगितलं आणि इथेही लिहितो, कारण चुलतभाऊ हे त्यांना वाचून दाखवणार: तात्या, जीप पैसे वाचवायला ठेवलेली नाही. वर्षात जेवढी ती फिरते तेवढ्याचं पेट्रोल मी भरतो. आबांनी जशी ठेवली होती तशी ती राहणार.

आता खर्च. आकडा सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, कारण सगळं चासीवर आहे. मागच्या पाट्याच्या हँगरपाशी आणि आडव्या पट्ट्यांवर हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर पुढे जा. बद्द आवाज आला, हातोडी आत गेली, तर मी एवढं सगळं लिहिलंय तरी मीच सांगेन की थांबा आणि आधी जाणकाराला दाखवा. क्रम मात्र ठरलेला ठेवा: ब्रेक, स्टिअरिंग, टायर, रेडिएटर, पेट्रोलची लाइन, वायरिंग. पत्रा आणि रंग अगदी शेवटी. रंगाला आधी पैसे घातलेल्या चकचकीत जीपा मी ब्रेकविना उभ्या पाहिल्यात. जुन्या जीपा नव्याने बांधून देणाऱ्या हरियाणातल्या मंडी डबवालीहून बॉडी आणि मोठे टायर मागवायचा सल्लाही कुणीतरी देईल. तिथले कारागीर चांगले आहेत, पण त्यातून येईल ती नवी गाडी, वडिलांची नाही.

हल्ली पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनी रबरं खातं आणि उभ्या गाडीच्या टाकीत पाणी धरतं. डायफ्रॅम आणि होज त्याला चालणारे घ्या, आणि टाकी भरून महिनोन्‌महिने ठेवू नका. डांबरी कोरड्या रस्त्यावर समोरचा धुरा जोडून चालवू नका, ट्रान्सफर केसवर ताण येतो.

उद्या सकाळी गाडीखाली वाकून समोरचा शाफ्ट आहे का बघा. नसेल तर माळ्यावर, गोठ्यात, पंपाच्या खोलीत शोधा. काढणाऱ्यांनी तो बहुतेक वेळा जपून ठेवलेला असतो, आणि घरातल्या कुणाला तरी तो कुठे आहे ते माहीत असतं.