वाचकांचे प्रश्न: या घरात भांडण झालंय का?

प्रश्न: मुलगी चित्रकलेच्या कॉलेजला आहे, तिने मोबाईलवर एका फ्रेंच चित्रकाराचं मोठ्ठं फॅमिली पेंटिंग दाखवलं. काळ्या कपड्यातली आई, दोन मुली, खुर्चीत बाप. माझ्या सासूबाई लगेच म्हणाल्या, "हे लोक भांडून बसून राहिले वाटते." मुलगी म्हणते आजी, तसं नसते, ही जुनी पोझ आहे. आता घरात दोन पार्ट्या झाल्यात. बरोबर कोण? (एक वाचक, त्रिमूर्ती नगर)

उत्तर: ताई, सासूबाईंना पेढा द्या! चित्र एडगर देगाचं आहे, बेल्लेली फॅमिलीचं, आणि ती काळ्या कपड्यातली बाई म्हणजे देगाची सख्खी आत्या लॉरा. म्हणजे बाहेरचा कोणी ऑर्डर घेऊन आला नव्हता, भाचाच घरात राहून सगळं पाहत होता, आणि भाच्यापासून काय लपते हो. आतोबा जेन्नारो हे इटलीतल्या नेपल्सचे, तिथल्या राजाविरुद्धच्या १८४८ च्या क्रांतीत भाग घेतला म्हणून गाव सोडावं लागलं आणि फ्लोरेन्सला भाड्याच्या घरात दिवस काढत होते, हाताला धड काम नाही, चिडचिड भरपूर. आत्याने पुढे भाच्याला पत्रं लिहिली त्यात नवऱ्याच्या स्वभावाला किती कंटाळलोय हे अगदी उघड लिहिलंय. त्यात ऑगस्ट १८५८ मध्ये तिचे वडील, म्हणजे देगाचे आजोबा, वारले. म्हणून ते काळे कपडे, मुलींनाही काळेच फ्रॉक, फक्त वरून पांढरे एप्रन. आत्याच्या डोक्यामागे भिंतीवर फ्रेममध्ये जो म्हातारा दिसतो ना, तेच ते आजोबा.

आता मुलीला सांगा की मोबाईल झूम करून नजरा बघ. आत्या कुठेतरी लांब पाहते, नवऱ्याकडे तर नाहीच. आतोबा आपल्याकडे जवळपास पाठ करून फायरप्लेसजवळ बसलेत. मोठी जोवान्ना आईला चिकटून, तिच्या खांद्यावर आईचा हात, आणि चौघांत आपल्याकडे सरळ पाहणारी ती एकटीच. मधली खुर्ची धाकट्या जूलियाची, ती अर्धी बसलेली, एक पाय फ्रॉकखाली दुमडलेला, त्यामुळे एकच पाय दिसतो, आणि मला तरी सगळ्या चित्रात हीच पोरगी खरी वाटते, कारण सात-आठ वर्षांच्या पोरीला काळे कपडे घालून नीट बसव म्हटलं तर ती अशीच बसणार. आई एका बाजूला, बाप दुसऱ्या बाजूला, ही मध्ये, आणि टेबलाचा पाय, मेणबत्ती, आरशाची चौकट या उभ्या रेषांनी आतोबांना बाकीच्या तिघींपासून चक्क वेगळं काढलंय. हे काही आपोआप झालेलं नाही. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओतल्या फोटोंतही सगळे ताठच असतात, पण तिथे फोटोग्राफर सगळ्यांना जवळ सरकवतो, देगाने मुद्दाम लांब ठेवलं.

मुलीचंही थोडं बरोबर आहे बरं का, मोठ्या घरातली माणसं तेव्हा थाटातच उभी राहत. पण त्या थाटाला खाली उजव्या कोपऱ्यात देगाने सुरुंग लावलाय, तिथे एक कुत्रा चित्रातून निघून चाललाय, डोकं कडेच्या बाहेर गेलेलं. कुत्र्यालाही बसवेना त्या खोलीत.

प्रश्न: एवढा वेळ चार माणसं समोर बसवून ठेवली कशी? लेकरं तर पाच मिनिटं थांबत नाहीत. (एक वाचक, महाल)

उत्तर: बसवलीच नाहीत! १८५८ च्या शेवटी आत्या नेपल्सहून परतली, तोवर भाचा फ्लोरेन्सला वाट पाहत थांबला होता, मग एकेकाची वेगवेगळी स्केचेस काढली, हात वेगळे, चेहरे वेगळे, आणि १८५९ मध्ये पॅरिसला परत गेल्यावर तिथे मोठ्या कॅनव्हासवर सगळी जुळवली. कॅनव्हास म्हणजे साधारण दोन मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद, आपल्या हॉलची एक भिंत गेलीच समजा. काम वर्षानुवर्षं चाललं. आपला नागपूरचा अजब बंगला, म्हणजे म्युझियम, १८६३ चा, तो उभा राहिला तरी हे चित्र काही हातावेगळं झालं नव्हतं. आणि सुरू केलं तेव्हा देगा अवघा चोवीस वर्षांचा, ज्याची नाचणाऱ्या पोरींची चित्रं सगळ्यांना माहीत आहेत तोच हा, ती सगळी नंतरची.

प्रश्न: हे चित्र विकलं केवढ्याला? पाहायचं असेल तर कुठे? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर: देगा जिवंत असेपर्यंत हे विकलंच गेलं नाही. १९१७ मध्ये तो गेला आणि पुढच्या वर्षी फ्रेंच सरकारने घेतलं. आता पॅरिसच्या म्युझे दोर्सेत आहे, जुन्या रेल्वे स्टेशनात केलेलं म्युझियम. सोमवारी बंद असते, महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट, पण गर्दीची तयारी ठेवा.