आपले प्रश्न : माजी विद्यार्थ्यांचा सत्कार, कोणाचा आणि कशासाठी

प्रश्न : स. न. वि. वि. मी एका विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या व संज्ञापन विभागाच्या माजी विद्यार्थी संघाचा कार्यवाह आहे. विभागाच्या वर्धापनदिनानिमित्त दहा गुणवंत माजी विद्यार्थ्यांचा सत्कार करण्याचे ठरले असून आलेली नावे जवळजवळ सर्वच संपादकांची, वाहिन्यांवरील निवेदकांची आणि मंत्रालयात उठबस असलेल्या मंडळींची आहेत. मोठी नावे असली की कुलगुरू येतात आणि सभागृह भरते, असे समितीतील काही सदस्यांचे म्हणणे आहे. इतरत्र अशी निवड कशी करतात?
— एक कार्यवाह, मराठवाडा

उत्तर : सभागृह भरते हे खरे, परंतु ते नावांमुळे भरते की नंतरच्या भोजनामुळे, याचा शोध आपल्यापैकी कोणत्याही वार्ताहराने अद्याप घेतलेला नाही. तेव्हा तो मुद्दा बाजूला ठेवू.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील पत्रकारिता विद्यालय जोसेफ पुलित्झर यांनी ठेवलेल्या देणगीतून १९१२ मध्ये सुरू झाले. तेथे माजी विद्यार्थ्यांना पुरस्कार देताना चार गोष्टींचा विचार होतो : कोणत्याही माध्यमातील उल्लेखनीय कारकीर्द, पत्रकारितेतील एखादीच पण असामान्य कामगिरी, पत्रकारितेच्या शिक्षणातील योगदान आणि संलग्न क्षेत्रातील यश. यांतील दुसरा निकष मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण जिच्या नावापुढे कधीच मोठे पद लागले नाही, पण जिने आयुष्यात एकदा एखादे प्रकरण शेवटपर्यंत लावून धरले, अशा व्यक्तीलाही त्यामुळे व्यासपीठावर जागा मिळते. ‘द हिंदू’चे एन. राम हे याच विद्यालयाचे पदवीधर. ते मुख्य संपादक झाले २००३ मध्ये, पण चित्रा सुब्रमण्यम यांच्यासह त्यांनी बोफोर्स व्यवहाराची कागदपत्रे उजेडात आणली ती १९८८ मध्ये. म्हणजे पद येण्याच्या पंधरा वर्षे आधी काम झालेले होते. आपल्याकडे सत्कार व्हायचा तो मात्र बहुधा २००३ नंतरच झाला असता.

मिसूरी विद्यापीठाची रीत थोडी वेगळी आहे. वॉल्टर विल्यम्स यांनी १४ सप्टेंबर १९०८ रोजी तेथे पत्रकारितेचे विद्यालय सुरू केले आणि त्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या हातून निघणारे वृत्तपत्रही सुरू झाले. हे विद्यालय १९३० पासून सन्मानपदक देते. ते केवळ माजी विद्यार्थ्यांसाठी नाही, बाहेरच्या पत्रकारांना आणि संपूर्ण वृत्तपत्रांनाही ते मिळालेले आहे. आपण उचलावी अशी गोष्ट दुसरीच आहे. पदक स्वीकारायला आलेली मंडळी विद्यार्थ्यांसमोर उभी राहून वर्गही घेतात. आपल्याकडील सत्कारमूर्ती शाल-श्रीफळ स्वीकारून ‘मनोगत’ व्यक्त करतात आणि गाडी वाट पाहत असल्याने निघून जातात, तेव्हा मागच्या रांगेतील विद्यार्थ्याला नेमके काय मिळाले हे विचारण्याचे धाडस कोणी करीत नाही.

शिक्षणातील योगदान हा निकषही आपल्याकडे जवळजवळ विसरला गेला आहे. याच मिसूरीत शिकून आलेल्या प्रा. पृथ्वीपाल सिंग यांनी १९४१ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग सुरू केला आणि फाळणीनंतर तोच विभाग त्यांनी दिल्लीत पुन्हा उभा केला. आपल्या विभागातून बाहेर पडून दुसऱ्या गावी वृत्तपत्रविद्या शिकवणारा कोणी असेल, तर त्याचे नाव आपल्या यादीत आहे का, ते पाहावे. विभागाचे हित पाहणारे माजी विद्यार्थीही असतात. पुण्यात ‘मी रानडेचा’ एवढे म्हटले की विभागाचे पूर्ण नाव सांगावे लागत नाही. त्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विभाग विद्यापीठाच्या दुसऱ्या विभागात विलीन करण्याचा विषय २०२१ मध्ये निघाला, तेव्हा आजी-माजी विद्यार्थी एकत्र आले आणि तो निर्णय स्थगित झाला.

माझी सूचना अशी की शिफारसपत्रात पद, पगार आणि याआधीचे पुरस्कार यांचे रकाने ठेवूच नयेत. ‘कोणत्या तीन कामांसाठी हा सन्मान द्यावा? कात्रणे, ध्वनिफीत अथवा चित्रफीत तारखेसह जोडावी’ एवढाच एक रकाना ठेवावा. दुष्काळात टँकरच्या खेपा स्वतः उभे राहून मोजणाऱ्या तालुका वार्ताहराची तीन कात्रणे सहज निघतील. रात्रपाळीला पाने लावणाऱ्या उपसंपादकाची अडचण होईल, कारण त्याच्या कामावर त्याचे नाव नसते. त्याच्यासाठी सहकाऱ्यांची दोन पत्रे चालतील असे नियमातच लिहून ठेवावे. ज्यांच्या शिफारशीत नुसतेच पद असेल त्यांची नावे आपोआप मागे पडतील आणि समितीला कोणाचेही मन दुखवावे लागणार नाही.

प्रश्न : मी याच शाखेची पदवी घेतली, परंतु गेली अनेक वर्षे जनसंपर्काचे काम करते. माजी विद्यार्थ्यांच्या सन्मानासाठी माझे नाव निघताच ‘हा पत्रकारांचा सत्कार आहे’ असे सांगण्यात आले. हे योग्य आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : विभागाच्या पाटीवर ‘संज्ञापन’ हा शब्द असेल, तर योग्य नाही. जाहिरात, जनसंपर्क, आरोग्यविषयक प्रसार आणि सामुदायिक रेडिओ हे सारे त्याच शब्दात येते. साताऱ्याच्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ चालते. असे केंद्र चालवणाऱ्याला पत्रकार म्हणावे की नाही यावर वाद घालण्यापेक्षा त्याने श्रोत्यांपर्यंत काय पोहोचवले ते ऐकावे. तथापि सन्मान वेगळ्या गटात असावा, असे माझे मत आहे. बातमी काढणाऱ्याची आणि बातमी पुरवणाऱ्याची निष्ठा वेगवेगळ्या ठिकाणी वाहिलेली असते, आणि दोघांना एकाच मापाने मोजले तर दोघांवरही अन्याय होतो. जिल्हा माहिती अधिकाऱ्याचे काम जोखताना त्याने किती प्रसिद्धिपत्रके काढली हे मोजू नये. पूर आला त्या रात्री त्याने दिलेला आकडा बरोबर होता का, ते पाहावे.

प्रश्न : सन्मान दिल्यानंतर संबंधित व्यक्तीवर गंभीर आरोप झाले, तर काय करावे?
— एक प्राध्यापक, कोल्हापूर

उत्तर : परत घेता येतो, आणि घेतलाही गेला आहे. अमेरिकेतील दूरचित्रवाणी मुलाखतकार चार्ली रोझ यांच्यावर अनेक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले, तेव्हा नोव्हेंबर २०१७ मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या वॉल्टर क्रॉन्काइट विद्यालयाने दोन वर्षांपूर्वी दिलेला पुरस्कार मागे घेतला आणि कॅन्सस विद्यापीठानेही त्याच वर्षी दिलेला सन्मान रद्द केला. रोझ या संस्थांचे माजी विद्यार्थी नव्हते, त्यामुळे निर्णय काहीसा सोपा गेला असावा. आपल्याच वर्गातल्या माणसाबाबत तो अधिक जड जातो. म्हणून असा अधिकार कोणाकडे राहील आणि संबंधिताचे म्हणणे कसे ऐकून घेतले जाईल, हे पहिला सत्कार होण्यापूर्वी लिहून ठेवावे.

प्रश्न : सोहळा ६ जानेवारीला ठेवावा का? आणि मानपत्र कोणाकडून लिहून घ्यावे?
— एक माजी विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला म्हणून ती तारीख मनात येणे स्वाभाविक आहे, परंतु पत्रकार दिन असल्याने त्या दिवशी गावोगावी पत्रकारांचे सत्कार चालू असतात आणि आपले सत्कारमूर्ती दुसऱ्याच मंडपात सापडण्याची शक्यता अधिक. तारीख पुढे-मागे करावी.

मानपत्राबद्दल अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका मेळाव्यात तीन मानपत्रांचे वाचन झाले आणि नाव वगळता तिन्हींतील मजकूर शब्दशः एकच निघाला. तिसरे सत्कारमूर्ती आयुष्यभर रात्रपाळीला इतरांच्या वेलांट्या सुधारत आलेले उपसंपादक होते. चौकट हाती येताच त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, काचेवर ‘निर्भिड’ या शब्दाशी बोट टेकवले आणि सूत्रसंचालिकेला हळूच म्हणाले, “दीर्घ हवी.” माइक चालू असल्याने ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले.

मानपत्र सध्या शिकत असलेल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे. एकेका सत्कारमूर्तीसाठी दोन विद्यार्थी नेमावेत, त्यांनी कात्रणे वाचावीत, शक्य झाल्यास तासभर मुलाखत घ्यावी आणि तीनशे शब्दांत लिहावे. ‘निःपक्ष’, ‘अभ्यासू’, ‘झुंजार’ ही विशेषणे वापरण्यास त्यांना सक्त मनाई असावी. आणि छापण्यापूर्वी मजकूर एखाद्या जुन्या मुद्रितशोधकाला दाखवावा, मग तो त्या दिवशीचा सत्कारमूर्ती असला तरी हरकत नाही.