वाचकांचे प्रश्न : कॅमेरा ‘चालू स्थितीत’ आहे म्हणजे नेमके काय?

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात मला याशिका इलेक्ट्रो ३५ आणि रशियन झेनिट-ई असे दोन कॅमेरे मिळण्यासारखे आहेत. दोन्ही ‘चालू स्थितीत’ असल्याचे विक्रेता सांगतो आणि बटण दाबून आवाजही ऐकवतो. रोल आणि तो धुण्याचा खर्च पाहता रोल न घालताच हे कॅमेरे तपासता येतील का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बऱ्याच अंशी येतील. मात्र बटण दाबल्यावर येणारा आवाज हा पुरावा मानू नका. या बाबतीत आपण निवडलेल्या दोन कॅमेऱ्यांपैकी याशिका अधिक फसवा आहे. १९६६ साली आलेल्या या कॅमेऱ्यात छायाचित्रकार फक्त ॲपर्चर, म्हणजे लेन्समधल्या छिद्राचा आकार, ठरवतो आणि शटर किती वेळ उघडे राहायचे ते आतली विद्युत यंत्रणा ठरवते. सेल नसला तरी शटर उडते, पण नेहमी एकाच वेगाने, म्हणजे सेकंदाच्या सुमारे पाचशेव्या भागात. विक्रेत्याने ऐकवलेला आवाज बहुधा तोच असावा. मूळचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही, म्हणून ६ व्होल्टचा छोटा सेल आणि तो बसवण्यासाठी लागणारी नळी सोबत घेऊनच बाजारात जावे. सेल बसवल्यावर प्रकाश मोजणाऱ्या खिडकीवर बोट ठेवून बटण दाबा. पिवळा दिवा लागला पाहिजे आणि शटर रेंगाळले पाहिजे. मग ॲपर्चर पूर्ण उघडून कॅमेरा उन्हाकडे धरा. आता लाल दिवा लागावा आणि शटर झटकन मिटावे. रोल पुढे नेणारी लिव्हर ओढताना किंवा ती परतताना आतून ‘टक्’ असा स्पष्ट ठोका ऐकू येतो की नाही, हेही पाहा. आतला रबराचा एक लहानसा तुकडा कालांतराने झिजून विरघळतो, तेव्हा हा ठोका नाहीसा होतो. मग दिवे नीट लागले तरी स्वयंचलित वेग चुकत जातात. तुकडा क्षुल्लक असला तरी तो बदलण्यासाठी कॅमेरा बराच उघडावा लागतो, त्यामुळे भाव करताना हे लक्षात ठेवावे.

झेनिटमध्ये असे काही लपलेले नाही, कारण त्याचे शटर पूर्णपणे यांत्रिक आहे आणि त्यावर १/३० ते १/५०० असे पाच वेग व ‘बी’ (बटण दाबून ठेवाल तोवर शटर उघडे) एवढेच पर्याय आहेत. लेन्स फिरवून काढा, उजेड अडवणारा आतला आरसा बोटाने हलकेच वर धरा, तोंड प्रखर उजेडाकडे करा, मागचे झाकण उघडून शटरच्या काळ्या कापडाकडे निरखून पाहा. टाचणीच्या टोकाएवढे भोक असले तरी ते ताऱ्यासारखे चमकते. यानंतर पांढऱ्या भिंतीकडे रोखून १/५०० वर शटर उडवा. चौकटीची एक बाजू काळी राहत असेल, तर शटरच्या दोन कापडी पडद्यांची चाल जुळत नाही असे समजावे. कमी वेगांसाठी मोबाइलचे संथ चित्रीकरण उपयोगी पडते. सेकंदाला २४० चौकटींच्या चित्रणात १/३० चा वेग साधारण आठ चौकटी आणि १/६० चा चार चौकटी भरला पाहिजे. त्याच्या पुढे मोबाइलवर विसंबू नये. लेन्सच्या वर, कॅमेऱ्याच्या दर्शनी भागावर असलेल्या सेलेनियमच्या प्रकाशमापकाला सेल लागत नाही, पण प्रकाशात राहून तो मंदावतो, म्हणून त्याची सुई हलते एवढ्यावर समाधान न मानता मोबाइलच्या मापकाशी ताळा करून पाहावा.

हेलिओस ४४-२ ही लेन्स त्यावर असेल, तर एक गैरसमज टाळा. तिला ॲपर्चरची दोन कडी असतात, एक आकडा ठरवण्यासाठी आणि दुसरे छिद्राची पाती प्रत्यक्ष मिटवण्यासाठी. पहिले फिरवल्यावर पाती हलत नाहीत म्हणून कित्येक जण चांगली लेन्स नादुरुस्त समजून परत करतात.

फोकस तपासण्यासाठी रोल जिथून सरकतो त्या आतल्या दोन पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवा, ‘बी’वर शटर उघडे धरा आणि दूरचा विजेचा खांब लेन्सवरील अनंताच्या (∞) खुणेवर स्पष्ट उमटतो का ते पाहा. झाकणाच्या खोबणीतील काळा फोम बोटाला डांबरासारखा लागला, तर काळजी करू नये. तो खरवडून त्या जागी काळी लोकर भरता येते आणि हे काम घरी होते.

प्रश्न : माझ्याकडे २००८ साली मुदत संपलेले काही रंगीत रोल आहेत. जुन्या कॅमेऱ्याच्या चाचणीसाठी ते वापरले तर खर्च वाचेल ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खर्च वाचेल, पण चाचणी होणार नाही. फोटो फिके आले तर दोष रोलचा की शटरचा, हे आपण सांगू शकणार नाही. एका वेळी एकाच गोष्टीवर संशय घेता आला तरच तपासणीला अर्थ असतो, म्हणून कॅमेरा जुना असेल तेव्हा रोल ताजा असावा. मुदत संपलेले रोल, ज्या कॅमेऱ्याची खात्री पटली आहे त्याच्यासाठी ठेवावेत.

एका ताज्या रोलमध्ये पुष्कळ काही कळते. समजा, २०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे रोलच्या प्रकाश-संवेदनशीलतेचे माप) रोल आहे आणि दृश्य मोकळ्या आकाशाखालच्या सावलीतले आहे. तेच दृश्य १/५०० व ॲपर्चर ४, १/२५० व ५.६, १/१२५ व ८, १/६० व ११, १/३० व १६ असे पाच वेळा टिपा. पाचही वेळा फिल्मवर सारखाच प्रकाश पडतो, म्हणून पाचही निगेटिव्ह सारख्याच गडद दिसल्या पाहिजेत. एखादी जास्त काळी असेल, तर त्या वेगाला शटर रेंगाळते आहे. इथे नेहमी होणारी चूक अशी, की लोक निगेटिव्ह न पाहता मोबाइलवर आलेल्या स्कॅनवरून निष्कर्ष काढतात. स्कॅन करताना लॅबचे यंत्र उजेड आपोआप सारखा करते, त्यामुळे कॅमेऱ्याचा आजार झाकला जातो. म्हणून निगेटिव्ह परत मागून घ्याव्यात. ‘त्या कशाला हव्यात?’ असे काउंटरवर विचारले, तरीही.

रोल भरलेला कॅमेरा तासभर उजेडात ठेवून मग पुढचे फोटो काढावेत. प्रकाश आत गळत असेल, तर निगेटिव्हवर काळा पट्टा उमटतो आणि तो चौकट ओलांडून कडेच्या भोकांपर्यंत जातो. चौकटीच्या आतच थांबणारा डाग बहुधा लेन्सवर पडलेल्या थेट उन्हाचा असतो.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्या लेन्सना बुरशी येते. कातडी पिशवीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवते, तरी उपयोग होत नाही. उन्हात ठेवल्याने बुरशी जाते का? (एक वाचक भगिनी, चिपळूण)

उत्तर : सर्वांत आधी ती कातडी पिशवी कॅमेऱ्यापासून वेगळी करा. कातडे दमट हवा धरून ठेवते आणि ते स्वतःच बुरशीचे खाद्य आहे. डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी असतात, ओलाव्यावर त्यांचा काही परिणाम होत नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे लहानसे घड्याळ एवढे कोकणातही पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्यावा. त्याहून फार कोरडे केल्यास आतले वंगण सुकण्याची भीती असते. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरावे.

उन्हामुळे बुरशीची वाढ रोखली जाते, परंतु तयार झालेले जाळे जागेवरच राहते. त्यातही एक धोका आहे. लेन्सच्या मागे आरसा नसलेला, कापडी शटरचा कॅमेरा सूर्याकडे तोंड करून ठेवला, तर लेन्स भिंगाचे काम चोख बजावते आणि शटरला भोक पाडते. ऊन द्यायचेच असेल तर लेन्स काढून द्यावे. कडेला धाग्यांसारखी थोडी बुरशी असली तरी फोटोत सहसा दिसत नाही. मात्र ती काचेवरील लेप खाऊ लागली असेल, तर पुसल्यानंतरही तिचा व्रण राहतो. असा व्रण असलेली लेन्स मी स्वतः विकत घेत नाही.

प्रश्न : आजोबांचा आग्फा क्लिक थ्री सापडला. मागच्या लाल खिडकीत ७ हा आकडा दिसतो, म्हणजे आत रोल आहे. उघडू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कृपया उघडू नका. वडोदऱ्यात तयार झालेला हा साधा कॅमेरा एके काळी असंख्य मराठी घरांत होता आणि त्यात अर्धवट राहिलेला रोल सापडणे नवलाचे नाही. हा १२० आकाराचा, बारा चौकटींचा रोल असतो. तो उलटा गुंडाळायचा नसतो, तर पुढेच न्यायचा असतो. उरलेल्या पाच चौकटींवर फोटो काढण्याचा मोह टाळून, नॉब हलका फिरू लागेपर्यंत फिरवत राहा. मग अंधाऱ्या खोलीत झाकण उघडा, कागद सैल होऊ न देता कडेची पट्टी चिकटवा आणि रोल काळ्या कागदात गुंडाळा.

धुण्यासाठी देताना रोलचे अंदाजे वय सांगा. तो रंगीत असला तरी कृष्णधवल पद्धतीनेच धुवायला सांगावा. रंग निर्माण करणारे घटक इतक्या वर्षांत निकामी होतात, पण चांदीवर उमटलेली प्रतिमा कधी कधी तग धरते. घरी धुण्याचे धाडस केल्यास द्रावण २० अंशांवर ठेवावे लागते. आपल्याकडे मे महिन्यात नळाचे पाणी त्याहून बरेच गरम असते, म्हणून भांड्याभोवती बर्फ हवा. सातपैकी दोन फोटो जरी ओळखू आले तरी भाग्य समजावे.

प्रश्न : मुंबईच्या चोरबाजारात सोनेरी मुलाम्याचा, जर्मन हवाई दलाची खूण असलेला लायका हा जर्मन कॅमेरा मला दाखवण्यात आला. खरा असेल का? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : जवळजवळ खात्रीने नाही. फेड आणि झोर्की हे सोव्हिएत कॅमेरे जुन्या लायकाच्या नमुन्यावरच बनवले गेले होते. त्यांच्यावरची मूळ अक्षरे घासून, मुलामा चढवून आणि खोटी चिन्हे कोरून ते लायका म्हणून विकण्याचा उद्योग अनेक वर्षांपासून चालू आहे. लेन्स काढून आत वरच्या बाजूला पाहा. अंतरमापकाला जोडलेल्या दांडीच्या टोकाला लायकामध्ये लहानसे गोल चाक असते, तर या सोव्हिएत कॅमेऱ्यांत बहुधा पाचरीसारखा घन तुकडा असतो. पाचर दिसली तर झोर्कीचा भाव द्यावा, त्याहून एक रुपयाही जास्त नको. झोर्की म्हणून तो वाईट कॅमेरा नाही. मात्र वेगाची चकती फिरवण्याआधी शटर चढवून, म्हणजे रोल पुढे नेऊन ते उडण्यासाठी सज्ज करून, घेण्याची सवय लावावी, कारण शटरबरोबर ती चकतीही फिरते आणि चढवल्यानंतरच तिच्यावरचा आकडा खरा असतो.