रणगाडा : हेंग लाँग की तामिया?

प्रश्न : मुलगा नववीत आहे. रिमोटवरचा रणगाडा हवाच म्हणतो. हेंग लाँग घेऊ की महागातला तामिया? – एक वाचक भगिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, चिनी हेंग लाँग आणि जपानी तामिया, दोन्ही कंपन्यांचे रणगाडे १:१६ मापात, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाच्या लांबी-रुंदीत मिळतात. तोफेसकट टायगर (दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा) अर्ध्या मीटरहून थोडा लांबच भरतो, तेव्हा कपाटात जागा आधी बघा. हेंग लाँग तयार येतो. बॅटरी चार्ज केली की अंगणात. तामियाचा मात्र सुटा संच असतो. तो स्वतः जोडायचा, रिमोट आणि बॅटरी वेगळी घ्यायची.

माझा पहिला रणगाडा स्वस्तातला होता. रंकाळ्याकाठच्या ओल्या गवतात करकर वाजला आणि डावा पट्टा थांबला. गिअरबॉक्स उघडली तर प्लॅस्टिकच्या दात्यांचा पांढरा भुगा, ग्रीसमध्ये कालवलेला! फार वाईट वाटलं. उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांनी पितळी बुश (आस फिरतो ती नळी) करून दिला, पण दाते नवेच आणावे लागले.

म्हणून हेंग लाँगच घ्या, पण धातूच्या गिअरबॉक्सचा. हेच मॉडेल प्लॅस्टिकच्या गिअरमध्येही येतं, म्हणून खोक्यावरचं नीट वाचा. धातूचे पट्टे नंतर बसवता येतात. मुलगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तासन्‌तास रमायला लागला, तर दहावीनंतरच्या सुट्टीत तामिया खुशाल आणा.